पहाटे चारला थंडी वाजते, बॅग ओली होते: व्हॅनमधल्या अंथरुणाचं दुखणं आणि त्यावरचा इलाज

दर हिवाळ्यात आमच्याकडे हेच व्हायचं. संध्याकाळी व्हॅन लावली, पिठलं-भाकरी झाली, पोरं स्लीपिंग बॅगांमध्ये शिरली की अकरा-बारापर्यंत सगळं छान. साडेतीन-चारला धाकटी हळूच हाक मारायची, "मम्मी, पाय गार पडलेत." तिच्या आवाजानं थोरला जागा व्हायचा. सासूबाई तर आधीच उठून बसलेल्या असायच्या, डोक्यावरून शाल घेऊन. हात लावून बघावं तर बॅगेचं वरचं कापड दमट, खिडकीकडची उशी ओली आणि छताच्या पत्र्यावर पाण्याचे थेंब. सकाळी मोठ्यांचे डोळे तांबारलेले, पोरांची नाकं वाहती.

तीन हिवाळे आम्ही हे सोसलं. गेले दोन हिवाळे हे दुखणं पूर्ण गेलं आहे. कसं गेलं ते सविस्तर लिहिते, कारण ज्याला विचारावं तो एकच उपाय सांगतो: आणखी गरम बॅग घ्या. आम्हीही तेच केलं होतं आणि ते पैसे वाया गेले.

आम्ही परभणीचे. राज्याचं कॅराव्हॅन धोरण आलं त्याच वर्षी, २०२१ मध्ये, आम्ही एक जुनी टेंपो ट्रॅव्हलर घेतली. मागच्या बाजूला प्लायवुडचा आडवा पलंग, पलंगाखाली सामान, पुढे एक बाक, त्याचाही रात्री पलंग होतो. झोपणारी माणसं पाच: आम्ही दोघं, सासूबाई, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी. फिरणं बहुतेक नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाथसागराच्या काठी पक्षी बघायला, वेरूळ करून म्हैसमाळला, कधी येलदरीकडे, कधी माहूरला.

ज्यांनी इथला हिवाळा पाहिलेला नाही त्यांना मराठवाडा म्हणजे नुसतं ऊन वाटतं. परभणीला कृषी विद्यापीठाच्या आवारात पारा पाच अंशांच्याही खाली उतरलेला आहे. समुद्र लांब, हवा कोरडी, आकाश स्वच्छ, त्यामुळे दुपारी २८-३० अंशांना तापलेली जमीन रात्री भराभर निवते आणि पहाटे आठ-दहा अंशांवर येते. झोपताना हवा बरी असते, म्हणून माणूस बेसावध झोपतो. सगळ्यात गार वेळ सूर्य उगवण्याच्या जरा आधीची, आणि नेमकी तेव्हाच झोप मोडते.

आधी बघा, गारठा कुठून येतोय

पहिल्या हिवाळ्यात नाथसागराच्या काठी एका ओळखीच्यांच्या शेतात गाडी लावली होती. त्या रात्रीनंतर आम्ही ऑनलाइन पाच नव्या बॅगा मागवल्या. पिशवीवर ठळक अक्षरात शून्य अंश लिहिलेलं. पुढच्या जानेवारीत त्याच बॅगा घेऊन म्हैसमाळला गेलो. हजार मीटरच्या वरची जागा, वारा भन्नाट, आणि चार वाजता पुन्हा तेच रडगाणं. मी माझी शाल मुलीवर टाकली, त्यावर ह्यांचं जॅकेट टाकलं. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, वरून किती पांघरशील? गारठा खालून चढायलाय. हात घालून बघ की."

मी त्यांच्या बॅगेखाली हात घातला. वरचा भाग फुगलेला, उबदार. खालचा भाग चपटा होऊन कागदासारखा पातळ झालेला. त्याखाली आमची एक इंची फोमची गादी, तीही अंगाच्या वजनानं दबलेली आणि चक्क गार. गादीच्या खाली हात नेला तर प्लाय ओलसर लागलं. पलंगाखालच्या मोकळ्या जागेतून रात्रभर थंड हवा फिरत होती आणि आमच्या पाठी त्या थंड फळीला जवळजवळ टेकलेल्या होत्या.

तुमच्याकडेही हे होत असेल तर नवीन काही विकत घेण्याआधी एकदा पहाटे उठून एवढं करा. तळहात बॅग आणि गादीच्या मधे घाला. तिथं गार लागलं तर दोष अंथरुणाचा आहे, पांघरुणाचा नाही. खाली ऊब आहे पण बॅगेचं वरचं कापड दमट आहे, तर दोष हवेचा आहे. दोन्ही ठीक आहे आणि फक्त पायच गार आहेत, तर बॅग लांबीला मोठी होतेय. आमच्याकडे तिन्ही दोष निघाले, पण पहिला सगळ्यात मोठा होता.

खालची बाजू

स्लीपिंग बॅग ऊब तयार करत नाही. तिच्यातल्या कापसासारख्या भरणात हवा अडकलेली असते, ती हवा अंगाची ऊब धरून ठेवते. आपण ज्या भागावर झोपतो तिथलं भरण दबतं, हवा निघून जाते आणि तो भाग नावालाच उरतो. कितीही महागडी बॅग असली तरी खालच्या बाजूची ऊब गादीनंच द्यायची असते.

चटई-गाद्यांच्या बाबतीत ही ऊब धरण्याची ताकद आर-व्हॅल्यू नावाच्या आकड्यात मोजतात. आकडा जितका मोठा तितका गारठा कमी चढतो, आणि एकावर एक दोन चटया टाकल्या तर दोघींचे आकडे मिळवता येतात. आपल्या आठ-दहा अंशांच्या रात्रींना दोन ते तीन पुरे. हिमाचलात किंवा लडाखात जाणार असाल तर चार-पाचच्या पुढे जा. एक गोष्ट आवर्जून सांगते: हवा भरायची साधी गादी, जी पाहुण्यांसाठी घरात असते, तिचा आकडा एकच्या आसपास असतो. आत नुसती मोकळी हवा असते, ती फिरत राहते आणि खालचा गारवा वर आणते. दिसायला जाड, म्हणून आम्हीही एकदा नेली. ती रात्र सगळ्यात वाईट गेली.

आम्ही जे केलं त्याला फार खर्च आला नाही. प्लायला हातभर अंतरावर बोटभर जाडीची भोकं पाडून घेतली, म्हणजे खाली ओल कोंडत नाही. त्यावर मुलांच्या खोलीत टाकतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या रंगीत ईव्हीए फोमच्या चौकोनी मॅट, वीस मिलिमीटर जाडीच्या. या फोममध्ये हवेचे बुडबुडे बंद असतात, अंगाच्या वजनानं ते दबत नाहीत आणि पाणीही शोषत नाहीत. त्यावर जुनी फोमची गादी. आणि गादीवर सासूबाईंची वाकळ.

वाकळ मी आधी पांघरायला घेत होते, आणि चूक तिथंच होती. ही वाकळ म्हणजे चार जुन्या नऊवारी लुगड्यांचे थर, मधे सासऱ्यांची धोतरं, आणि सबंध अंगावर बारीक धावदोरा. वजनाला चांगलीच दणकट. पांघरली की बॅगेचं भरण दाबून टाकते, म्हणजे होती ती ऊबही कमी करते. शिवाय सुती असल्यानं वरून पडणारी ओल पिते आणि जड होत जाते. खाली अंथरली की तीच वाकळ सोन्यासारखी. दाट आहे, दबत नाही, अंगाला मऊ लागते. आणखी एक फायदा नंतर ध्यानात आला. आमच्या गादीला रेक्झिनचं कव्हर आहे आणि बॅगा नायलॉनच्या. गाडी जराशी उतारावर लागली की मुलगी घसरत घसरत दाराशी जायची. वाकळ टाकल्यापासून बॅग जागची हलत नाही.

वाकळ नसेल तर जाड सतरंजी किंवा सोलापुरी चादरीची दुहेरी घडी चालेल. धनगरी घोंगडी असेल तर फारच उत्तम. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढा दमटपणा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. आम्ही आमची एकुलती एक घोंगडी गाडीच्या पत्र्याच्या कडेला उभी लावतो, कारण झोपेत कूस बदलली की मुलगा पत्र्याला चिकटतो. घोंगडी टोचते अशी त्याची तक्रार होती. तिला आतल्या बाजूनं जुनी सुती साडी टाचली, तक्रार मिटली.

बॅगेवरचे आकडे

आमच्या 'शून्य अंश' बॅगेचा खुलासा आतल्या शिलाईतल्या चिमुकल्या पट्टीवर होता. तिथं तीन आकडे होते आणि पिशवीवर ठळक छापलेला शून्य त्यातला शेवटचा.

बॅगांच्या तापमानासाठी युरोपात ईएन १३५३७ हे मानक होतं, आता आयएसओ २३५३७ आहे. त्यात कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्री ज्या तापमानाला अंग सैल सोडून आरामात झोपू शकते ते. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष गुडघे पोटाशी घेऊन, आखडून रात्र काढू शकतो ते. एक्स्ट्रीम म्हणजे जिवावर बेतण्याची वेळ, झोपेचा तिथं संबंधच नाही. आमच्या बॅगेचा कम्फर्ट होता १३ अंश. म्हणजे बॅगेनं आपलं काम केलं होतं, आम्ही वाचलं चुकीचं होतं, आणि विकणाऱ्यानं छापलंही अशा रीतीनं की माणूस चुकीचंच वाचेल.

फक्त कम्फर्टचा आकडा बघा. तो कुठंच दिलेला नसेल तर ती बॅग घेऊ नका. आपल्या भागासाठी कम्फर्ट पाच अंशांच्या आसपासची बॅग सगळा हिवाळा निभावते, तिच्यापेक्षा गरम बॅगेत नोव्हेंबरात घाम फुटतो आणि तो घामच पहाटे गार पडतो. आणि हे लक्षात ठेवा की प्रयोगशाळेत ही चाचणी घेताना पुतळ्याला पूर्ण बाह्यांचे आतले कपडे घातलेले असतात आणि त्याच्याखाली चटई असते. खाली नीट अंथरूण नसेल तर पट्टीवरचा कोणताच आकडा तुम्हाला लागू होत नाही.

आकार कोणता घ्यावा? पाठीवर ओझं घेऊन चालायचं नसल्यामुळे पायाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या ममी बॅगेची व्हॅनमध्ये गरज नाही. चौकोनी, चेन खालपर्यंत पूर्ण उघडणारी बॅग घ्या. ती उघडली की दुलईसारखी दोघांवर पांघरता येते. दोन बॅगा एकमेकींना जोडायच्या असतील तर एकीची चेन डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे हवी, आणि चेन एकाच मापाची हवी. हे दुकानातच जोडून बघा.

भरण सिंथेटिक घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. पिसांची बॅग हलकी आणि फार उबदार असते, पण ओली झाली की तिची पिसं गोळा होऊन बसतात आणि ऊब संपते. जिथं लहान मुलं आहेत तिथं दूध सांडणार, कधी अंथरूण ओलं होणार. सिंथेटिक बॅग घरच्या मशिनमध्ये धुता येते आणि आपल्या उन्हात दुपारपर्यंत खणखणीत वाळते.

ओल

छतावरचं पाणी बाहेरून येतं असं आम्हाला वाटायचं. ह्यांनी छताचे सगळे सांधे सिलिकॉननं भरून घेतले, आणि ओल आणखी वाढली.

ते पाणी आपलंच असतं. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून पेलाभर पाणी हवेत सोडतो. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांच्या हवेत जेमतेम ९. आमच्या गाडीच्या आत दहा-बारा घनमीटर जागा असेल. म्हणजे पहाटेच्या गार हवेत सगळ्या गाडीत मिळून अर्धा पेलाभर वाफ मावणार, आणि तेवढी तर पाच माणसं तासाभरात सोडतात. उरलेली जिथं सगळ्यात गार जागा मिळेल तिथं पाणी होऊन बसते. स्वच्छ आकाशाखाली गाडीचा पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त निवतो, म्हणून थेंब आधी छतावर आणि काचांवर दिसतात. तिथून ते उशीवर, बॅगेवर. धरणाच्या काठी धुकं असेल तर विचारूच नका.

इलाज मनाला पटायला अवघड आहे, कारण थंडी वाजत असताना खिडकी उघडायची आहे. समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन-दोन बोटं उघड्या ठेवा. एकच उघडून चालत नाही, हवा आरपार गेली पाहिजे. मच्छरांसाठी त्या फटीवर वेल्क्रोनं जाळी लावा. डोकं खिडकीकडे करू नका, पाय करा. रात्री गाडीत स्वयंपाक करू नका, चहासुद्धा बाहेर उकळा. ओले टॉवेल आणि पोरांचे भिजलेले मोजे आत वाळत घालू नका, पुढच्या सीटवरही नाही. बॅगेत तोंड घालून झोपायची सवय पोरांना असते, ती मोडा: श्वासाची सगळी वाफ भरणात जाते आणि बॅग आतून दमट होते. डोक्याला कानटोपी घाला, तोंड बाहेर ठेवा. आमच्याकडे काचांना आतून आरशासारखा चकाकणारा फोमचा शीट कापून लावला, त्यानं काचेवरचं पाणी बरंच कमी झालं.

सकाळी उठल्यावर बॅगा लगेच गुंडाळू नका. उलट्या करून दोरीवर किंवा गाडीच्या दारावर तासभर उन्हात टाका. गादी उभी करा, खालचं प्लाय कोरडं होऊ द्या. हे दोन दिवस चुकलं तर गादीच्या पोटाशी काळी बुरशी धरते आणि कुबट वास येतो. आमची पहिली गादी तशीच गेली.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत कोळशाची शेगडी, गॅसची शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटवून झोपू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. इंजिन चालू ठेवून झोपण्यातही तोच धोका आहे. खिडकी जराशी उघडी आहे, एवढ्या भरवशावर हे करू नका.

मुलांचं अंथरूण

मुलीचे पाय गार पडायचे त्याचं कारण साधं होतं. मोठ्यांच्या लांबीची बॅग, त्यात ती जेमतेम निम्मी. उरलेल्या रिकाम्या जागेतली हवा तापवणं तिच्या एवढ्याशा जिवाला झेपत नव्हतं. आता तिच्या पायांच्या खाली एक वीत सोडून बॅग सुतळीनं बांधते आणि उरलेलं टोक खाली दुमडते. बांधायचं नसेल तर त्या जागेत स्वेटर कोंबून द्या, सकाळी घालायला ते उबदारही मिळतात. लहान मुलांच्या खास बॅगा मिळतात, पण वर सांगितलेलं मानक मुलांच्या बॅगांना लागू नाही. त्यांच्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, एक पांघरूण जास्तीचं ठेवा.

वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला स्लीपिंग बॅगेत किंवा मोठ्यांच्या मधे, जड पांघरुणाखाली घालू नका. नाक-तोंड झाकलं जाऊन गुदमरण्याची भीती असते. त्याला अंगाबरोबरचे गरम कपडे आणि वेगळी, सपाट, घट्ट जागा.

दिवसभर घातलेले कपडे घालून झोपू देऊ नका. उन्हात हुंदडून त्यात घाम मुरलेला असतो, वरवर कोरडे वाटतात पण रात्री गार पडतात. झोपायचे कपडे वेगळे, मोजे कोरडे. बॅगेच्या आत मी सुती साडीची पिशवी शिवून घातली आहे, तीन बाजूंनी शिवलेली. सहलीहून आल्यावर फक्त ती धुवायची, बॅग महिनोन्महिने धुवावी लागत नाही. धुवायची वेळ आलीच तर सौम्य साबण वापरा, कपडे मऊ करणारं द्रव अजिबात नको. मुलगी लहान असताना गादीवर मेणकापड घालत होतो, वाकळीच्या खाली. चेन कापडात अडकत असेल तर तिच्या दातांवरून मेणबत्ती घासा, आणि लावताना आतून एक बोट कापड बाजूला सारत चेनच्या पुढे पुढे न्या.

मार्चपासून हे सगळं घरी ठेवतो. उन्हाळ्यात खाली वाकळ, वर एक सुती चादर, बस्स.

बॅगा पिशवीत कोंबून वर्षभर माळ्यावर टाकू नका. भरण कायमचं चपटं होतं, आणि पुढच्या हिवाळ्यात तीच बॅग तीन-चार अंशांनी कमी गरम वाटते. आमच्या बॅगा धान्याच्या कोठीच्या खोलीत दोरीवर सैल लटकतात, कडुलिंबाचा पाला खाली पसरलेला असतो.

एवढं सगळं करूनही एखाद्या रात्री कुणाला थंडी वाजलीच, तर स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरा. उकळतं नको, हाताला सोसेल इतकंच. झाकण घट्ट लावून बाटली उलटी करून बघा, लोकरीच्या मोज्यात घाला आणि बॅगेत पायांशी ठेवा. झोपायच्या अर्धा तास आधी ठेवलीत तर आत शिरतानाच बॅग उबदार लागते. सासूबाईंसाठी आता दर रात्री ठेवते. गेल्या जानेवारीत येलदरीच्या बाजूला पहाटे पाचला जाग आली तेव्हा सवयीनं मी त्यांच्या बॅगेखाली हात घातला. वाकळ कोरडी होती आणि कोमट. त्या झोपेतच म्हणाल्या, "आता कशाला उठवायलीस?"